शिकाऊ डॉक्टर आणि आपले लेकरू

घरातले मूल आजारी पडले की सगळ्या घराचा जीव टांगणीला लागतो. दादी उशाशी बसून दुआ पढते, अब्बा काम टाकून रिक्षा आणायला धावतात, अम्मीच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मग कधी गावातले डॉक्टर सांगतात, "याला मोठ्या दवाखान्यात न्या." तिथे गेल्यावर पलंगाभोवती सात-आठ तरुण डॉक्टर उभे राहतात, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. आणि नात्यातले कुणीतरी कानाशी लागते, "हा शिकाऊ डॉक्टरांचा दवाखाना आहे. इथे पोरावर प्रयोग करतील. चला, खाजगीत नेऊ."

ही कुजबुज आम्ही अनेक घरांत ऐकली आहे. ती अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण ती अर्धवट आहे, आणि अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय लेकराला महाग पडू शकतो. म्हणून या महिन्यात आम्ही एका अशा रुग्णालयाची हकिकत सांगणार आहोत, जिथे उपचार, संशोधन आणि शिक्षण ही तिन्ही कामे एकाच छपराखाली करायची, असे पहिल्यापासूनच ठरले होते. ते म्हणजे लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बाल रुग्णालय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडन हे जगातले सर्वांत श्रीमंत शहर होते, पण आजारी मुलाला तिथे खाट मिळत नव्हती. १८४३ सालच्या एका पाहणीत लंडनच्या रुग्णालयांत दाखल असलेल्या सुमारे २,४०० रुग्णांपैकी दहा वर्षांखालची मुले अवघी २६ निघाली. मुले आजारी पडत नव्हती असे नाही. ती घरीच, अंधाऱ्या खोल्यांत दगावत होती. मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय पॅरिसमध्ये १८०२ पासून होते, लंडनमध्ये नव्हते. डॉ. चार्ल्स वेस्ट यांना ही गोष्ट सतत खटकत होती. त्यांनी पाठपुरावा केला, देणगीदार मिळवले आणि १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील एका जुन्या घरात दहा खाटांचे रुग्णालय सुरू झाले.

या दहा खाटांच्या दवाखान्याने स्वतःपुढे तीन उद्दिष्टे ठेवली होती. गरीब मुलांवर उपचार करणे, मुलांच्या आजारांविषयीचे ज्ञान मिळवून ते सर्वांपर्यंत पोहोचवणे, आणि मुलांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका तयार करणे. डॉ. वेस्ट यांनी १८५४ मध्ये खास परिचारिकांसाठी एक छोटे पुस्तकही लिहिले.

ही तीन कामे वेगवेगळी का ठेवली नाहीत? कारण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याच्या औषधाचे प्रमाण वेगळे, नाडीचे ठोके वेगळे, आजाराची लक्षणे वेगळी. दोन वर्षांचे बाळ कुठे दुखते ते सांगू शकत नाही. ते डॉक्टरलाच ओळखावे लागते, आणि ही ओळख पुष्कळ मुले तपासल्याशिवाय येत नाही. त्यातून एखादा दुर्मीळ आजार असेल तर तालुक्याच्या डॉक्टरला तो आयुष्यात एखाद्या वेळी दिसेल. देशभरातली अशी मुले जिथे येतात, तिथे दहा मुलांवरून अकराव्याचे निदान लवकर होते. तिथे शिकलेला डॉक्टर हे ज्ञान सोबत घेऊन आपल्या गावी जातो.

या कामाला समाजाचा हात लागला. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी १८५८ मध्ये रुग्णालयासाठी भाषण केले, आपल्या कथेचे जाहीर वाचन करून पैसा उभा केला. १९२९ मध्ये जे. एम. बॅरी यांनी 'पीटर पॅन'चे सर्व हक्क रुग्णालयाला देऊन टाकले. त्यातून किती पैसे मिळाले ते जाहीर करू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढे १९४६ मध्ये रुग्णालयाला जोडून बाल आरोग्य संशोधन संस्था उभी राहिली आणि १९४८ पासून हे रुग्णालय ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा भाग झाले.

शेजारी प्रयोगशाळा असण्याने काय फरक पडतो, ते २०१५ मध्ये दिसले. रक्ताच्या कर्करोगाची एक वर्षभराची मुलगी तिथे होती. केमोथेरपी झाली, बोन मॅरोचे प्रत्यारोपण झाले, तरी आजार परत आला. आता फक्त त्रास कमी करता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याच वेळी प्रोफेसर वसीम कासीम यांच्या चमूने प्रयोगशाळेत निरोगी दात्याच्या पांढऱ्या पेशींमध्ये बदल करून कर्करोग शोधून मारणाऱ्या पेशी तयार केल्या होत्या. तोवर त्या केवळ उंदरांवर वापरल्या होत्या. आईवडिलांची संमती आणि खास परवानगी घेऊन त्या मुलीला दिल्या गेल्या. काही आठवड्यांत कर्करोग दिसेनासा झाला. २०२२ मध्ये त्याच्याही पुढचे तंत्र वापरून तेरा वर्षांच्या एका मुलीवर उपचार झाले. २८ दिवसांत तिचा कर्करोग आटोक्यात आला आणि पुन्हा प्रत्यारोपण करता आले.

शिक्षणाचे उदाहरणही तिथलेच आहे. पाकिस्तानातून आलेल्या, डोके एकमेकींना जोडलेल्या दोन जुळ्या बहिणींना मूळ काश्मीरचे डॉ. ओवेस जिलानी आणि डॉ. डेव्हिड डनवे यांच्या पथकाने ऑक्टोबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने वेगळे केले. सगळ्या शस्त्रक्रिया मिळून ५० तासांहून अधिक वेळ लागला, सुमारे शंभर माणसे राबली. हे कौशल्य लंडनमध्येच अडकून पडले नाही. २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या अशाच दोन भावांसाठी जिलानी यांनी तिथल्या सर्जनांबरोबर आधी संगणकावर शस्त्रक्रियेचा सराव केला आणि मग त्या मुलांना तिथेच, त्यांच्या मायदेशात वेगळे केले.

आता कुजबुजीतल्या खऱ्या भागाकडे येऊ. प्रयोग नेहमी यशस्वी होत नाहीत. जन्मतः रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर या रुग्णालयात २००१ पासून जनुकीय उपचार सुरू झाले. पहिल्या दहा मुलांपैकी एकाला त्या उपचारामुळेच रक्ताचा कर्करोग झाला. पॅरिसमध्येही असे घडले होते. डॉक्टरांनी हे लपवले नाही. वैद्यकीय नियतकालिकात छापले, त्या मुलाच्या कर्करोगावर उपचार केले आणि पुढच्या मुलांसाठी उपचाराची पद्धत बदलली. चांगल्या दवाखान्याची हीच ओळख आम्हाला वाटते. चूक होते, ती मोकळेपणाने मांडली तर पुढचे मूल वाचते.

एक गोष्ट आयांसाठी. पूर्वी ब्रिटनच्या रुग्णालयांत आईला मुलाजवळ राहू देत नसत. भेटीची वेळ ठरलेली असे. आईवाचून मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास झाला आणि १९५९ च्या सरकारी समितीने आईवडिलांना केव्हाही भेटू द्यावे, आईला सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली. आज मुलांच्या वॉर्डात आई उशाशी बसलेली दिसते, त्यामागेही संशोधनच आहे.

ज्या १९२९ साली बॅरींनी आपले हक्क दिले, त्याच साली मुंबईत परळला वाडिया बंधूंनी आपल्या आईच्या नावाने बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय उभे केले. तिथेही उपचारांबरोबर बालरोगाचे शिक्षण चालते. कोकणातून, मराठवाड्यातून कित्येक कुटुंबे लेकरू कडेवर घेऊन तिथवर जातात. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही तरुण डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिकत असतात.

म्हणून आमची विनंती अशी. शिकाऊ डॉक्टर दिसले म्हणून मूल उचलून नेऊ नका. वरिष्ठ डॉक्टर कोण, ते रोज किती वाजता येतात, हे विचारून घ्या. जुने रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत सांभाळा. एखाद्या संशोधनात मुलाला घेऊ का असे विचारले, तर लगेच हो म्हणू नका आणि घाबरून नाहीही म्हणू नका. आपल्या भाषेतला संमतीचा कागद मागा. नेहमीचा उपचार कोणता, नवा कोणता, धोका काय, मध्येच थांबता येईल का, नाही म्हटले तर उपचार चालू राहतील का, हे स्पष्ट विचारा. आपल्या देशात अशा संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी आणि पालकांची लेखी संमती लागते. सात वर्षांवरच्या मुलाचेही म्हणणे विचारात घ्यावे लागते. हे विचारणे उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

पलंगाशी वही घेऊन उभा असलेला तो तरुण डॉक्टर उद्या आपल्याच तालुक्याच्या दवाखान्यात रुजू होईल. रात्री दोन वाजता कुणाचे तरी तापाने फणफणलेले बाळ त्याच्यासमोर येईल, तेव्हा आपल्या लेकराकडून तो जे शिकला तेच त्याच्या कामी येईल. त्याला दोन प्रश्न जास्त विचारू द्या. आणि आपणही त्याला दोन प्रश्न विचारा.