दणकट वापर हा गुन्हा नव्हे

फर्निचरच्या दुकानात तक्रार घेऊन गेलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं. ‘तुम्ही नीट वापरलं नाही.’ पलंगाची फळी मधोमध खचली, कपाटाचं दार बिजागरीसकट निखळलं, टेबलाचा पाय डुगडुगायला लागला, सगळ्याचं कारण एकच. तुमचा वापर. वॉरंटीच्या कागदावरही बारीक अक्षरात हेच छापलेलं असतं. ‘सामान्य घरगुती वापर’ सोडून झालेल्या नुकसानीची जबाबदारी आमची नाही. माझं भांडण आहे ते या ‘सामान्य’ शब्दाशी.

सामान्य म्हणजे कुणाचा वापर? २०११ च्या जनगणनेनुसार देशातली साधारण ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. अशा घरात पलंग फक्त झोपण्यासाठी नसतो. दिवसा ती बैठक असते, संध्याकाळी मुलांचं अभ्यासाचं टेबल, पाहुणे आले की चहाच्या कपबशा तिथेच. पोटात गोधड्या, पेट्या, लग्नातली भांडी. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग वस्त्यांमध्ये रात्रपाळीचा माणूस सकाळी येतो आणि दिवसपाळीवाला जिथून उठून गेला तिथेच आडवा होतो. त्या अंथरुणाला सुट्टीच नाही. ज्यांच्याकडे चार खोल्या आहेत त्यांच्याकडे हाच भार वीस वस्तूंवर वाटला जातो. इथे तो एका पलंगावर पडतो.

म्हणजे सर्वात जास्त वापर गरिबाच्या घरात आणि सर्वात कच्चा माल त्याच्याच गळ्यात. वर तो मोडला की दोषही त्याचाच. याला मी व्यापार म्हणायला तयार नाही.

आता माल काय असतो ते बघू. दुकानदार ‘लाकडी’ म्हणतो, ऑनलाइन जाहिरात ‘इंजिनिअर्ड वूड’ म्हणते. या दोन शब्दांच्या पोटात निदान तीन वेगळ्या वस्तू दडलेल्या असतात. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. एमडीएफमध्ये लाकडाचा बारीक तंतू दाबून फळी केलेली असते. पार्टिकल बोर्डमध्ये लाकडाचे तुकडे आणि भुसा रेझिनमध्ये कालवून, गरम दाबाखाली थापलेला असतो. वरून सनमायका किंवा छापील कागद लावला की तिन्ही सारख्याच दिसतात. सागवानाच्या रेषा तिघांवरही छापता येतात.

पण पहिल्या पावसाळ्यात फरक कळतो. साध्या पार्टिकल बोर्डात बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं आणि ते पाण्यापुढे टिकत नाही. कडेची पट्टी जरा सुटली, फरशी पुसताना तळाला ओल लागली, की बोर्ड फुगतं. आणि एकदा फुगलं की वाळल्यावरही मूळ मापाला येत नाही. कोकणात आणि मुंबईत चार महिने हवेतच पाणी असतं. तिथे जमिनीला टेकलेलं, खालून उघडं पार्टिकल बोर्डाचं कपाट विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला मुदत न सांगता मुदतीचा माल देणं.

दुसरी गोष्ट स्क्रूची. भुशाच्या बोर्डात स्क्रूला धरायला लाकडाचा अखंड रेषा नसतो, विशेषतः फळीच्या कडेला. पहिल्यांदा बसवलेला स्क्रू पकड घेतो. खोलून पुन्हा त्याच भोकात बसवला की पकड सैल होते, तिसऱ्यांदा तो नुसता फिरतो. आता आपल्याकडची भाड्याची पद्धत आठवा. करार ११ महिन्यांचा. मालकाने वाढवला तर ठीक, नाहीतर पलंग-कपाट खोलून टेम्पोत घाला आणि नव्या घरी पुन्हा जोडा. तीन वर्षांत तीन घरं बदलणारं कुटुंब हे अपवाद नाही. घर बदलणं हा त्याच्यासाठी सामान्य घरगुती वापरच आहे. ज्याने ती वस्तू आखली, त्याने हा भाडेकरू कधी डोळ्यांसमोर आणला होता का?

तिसरी गोष्ट जाडीची. इथे मतभेदाला जागा नाही, साधं गणित आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. म्हणजे १८ मिलिमीटरऐवजी त्याच बोर्डाची १२ मिलिमीटरची फळी घातली, तर त्याच ओझ्याखाली ती जवळजवळ साडेतीन पट वाकते. आणि तीच फळी दोन फुटांऐवजी तीन फूट लांब ठेवून तशीच गच्च भरली, तर मधला झोळ साधारण पाचपट होतो. मध्ये एक टेकू दिला तर प्रश्न सुटतो. त्या टेकूचे पैसे वाचवले जातात आणि समोर आरसा, सोनेरी पट्टी, नक्षीची मूठ लावली जाते. दिसणाऱ्या बाजूला खर्च आणि न दिसणाऱ्या बाजूला काटकसर, असा हा धंदा आहे. नगावर मजुरी मिळणाऱ्या कारागिराला यात दोष देऊ नका. कुठली फळी घालायची हे तो ठरवत नाही.

यावर एक आवडतं उत्तर असतं. ‘पूर्वीचं सागवान ते सागवान, आताचं सगळं टाकाऊ.’ मला हेही मान्य नाही. सागवानी पलंग तेव्हाही प्रत्येकाच्या घरात नव्हता. गरिबाकडे सुंभाची बाज होती, नाहीतर जमिनीवर चटई. सागवानाच्या आठवणी काढल्याने आज हातात दहा-बारा हजार रुपये घेऊन दुकानात उभ्या असलेल्या माणसाचं काहीच भलं होत नाही. आणि पार्टिकल बोर्ड हा मुळात शत्रू नाही. कोरड्या भिंतीवरच्या शोकेसला, टीव्हीच्या कपाटाला ते चालतं. प्रश्न त्याच्या जागेचा आहे आणि ते लपवून विकण्याचा आहे.

दुसरं उत्तर असतं, ‘स्वस्तात हवं तर असंच मिळणार.’ हे तर साफ खोटं आहे. मुंबईतल्या क्यानी किंवा ब्रिटानियासारख्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवा. सकाळच्या बनमस्क्यापासून गिऱ्हाइकं त्यांवर बसतात, मागे रेलतात, त्या ओढतात, ढकलतात. घरातल्या खुर्चीला वर्षभरात जे सोसावं लागतं ते हॉटेलातली खुर्ची काही दिवसांत सोसते. या खुर्च्यांची मूळ जात श्रीमंतांची नव्हे. व्हिएन्नाचा कारखानदार मिखाएल थोनेट याने १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची काढली ती कारखान्यात मोठ्या संख्येने, स्वस्तात बनवण्यासाठीच. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. म्हणजे खोक्यातून आलेलं, घरी जोडायचं, कारखान्यात बनलेलं स्वस्त फर्निचर हा काही आजचा शोध नाही. फरक एवढाच की तिथे लाकूड वाफेवर वाकवलं होतं, त्यामुळे रेषा अखंड राहिला. सांधे मोजकेच ठेवले आणि ते सैल झाले की घरच्या पेचकसाने आवळता येत. पैसा नक्षीवर गेला नाही, सांध्यावर गेला.

जिल्हा परिषदेच्या शाळेतला जुना लाकडी बाकही हेच सांगतो. जाड फळी, सरळ पाय, आरपार बोल्ट. त्यावर मुलं उड्या मारतात, करकटकाने नावं कोरतात, आणि बाक पुढच्या इयत्तेची वाट बघत उभा असतो. त्या बाकाला कुणी ‘नीट वापरा’ म्हणत नाही, कारण तो वापरणाऱ्याला ओळखून बनवलेला असतो.

आता हिशेब. उदाहरणच घ्यायचं तर ९ हजारांचा पलंग तीन वर्षांत गेला, म्हणजे वर्षाला ३ हजार पडले. १८ हजारांचा पंधरा वर्षं टिकला तर वर्षाला १२००. स्वस्त पलंग अडीच पट महाग पडला. पण १८ हजार एकरकमी नसतात, म्हणूनच तर माणूस ९ हजारांचा घेतो. त्यामुळे ‘चांगलं घ्यावं’ असा उपदेश करून भागत नाही. थोडं घ्यावं, हे मात्र सांगता येतं. आणि इथे आपल्या घरातलीही एक गोष्ट बोलली पाहिजे.

लग्नात मुलीला पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, सोफा असा ‘पूर्ण सेट’ दिला पाहिजे, ही सक्ती कुणी केली? आपल्याकडे त्याला जहेज म्हणतात, शेजारी आंदण म्हणतात. बाप कर्ज काढतो. मांडवात चार लोकांनी बघावं म्हणून वस्तूंची संख्या वाढते आणि बजेट तेवढंच असल्याने प्रत्येक वस्तूची जाडी घटते. कर्जाचे हप्ते संपायच्या आत ड्रेसिंग टेबलाचं दार लोंबायला लागतं. जहेज बंद झालं पाहिजे, यावर मी इथे अनेकदा बोललो आहे. पण ते होईपर्यंत निदान दिखाव्याचा सेट नाकारा. मुलीला काही द्यायचंच असेल तर एक भक्कम पलंग द्या, नाहीतर तिच्या नावावर पैसे ठेवा.

मागण्या फार मोठ्या नाहीत. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये खुर्च्या, टेबलं, साठवणीची कपाटं आणि पलंग यांसाठी स्वतंत्र मानकं काढली आहेत (आयएस १७६३२ ते १७६३५). प्लायवूडला आयएस ३०३, पार्टिकल बोर्डाला आयएस ३०८७ हे आकडे त्याआधीपासून आहेत. म्हणजे टिकाऊपणा मोजता येतो. तो नशिबाचा भाग नाही. मग दुकानदाराने बिलावर दोन ओळी जास्त लिहाव्यात. बोर्ड कोणतं आणि जाडी किती.

आणि गिऱ्हाइकाने मागावं. कागद लावलेल्या बाजूवर भाळू नका, फळीची कड आणि मागची बाजू बघा. ड्रॉवर काढून पालथा करा. पलंगाच्या मधोमध जमिनीला टेकणारा पाय आहे का ते वाकून बघा. स्क्रू भुशात गेलाय की लाकडाच्या पट्टीत, हे विचारा. पक्कं बिल घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. लाकडी म्हणून भुसा विकला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्कही नाही.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं की ‘तुम्ही नीट वापरलं नाही’, तर त्याला सांगा, आम्ही त्यावर झोपलो, बसलो, जेवलो, मुलं वाढवली. पलंग याचसाठी घेतला होता.