मृत्युपत्रातला दाता आज हयात आहे

सर रतन टाटांचे १९१८ साली निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, त्यांच्या मृत्युपत्रानुसार, त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. शंभर वर्षे उलटून गेली तरी त्याचे काम चालू आहे. मात्र असे दान केवळ उद्योगपतींनीच करावे, असे आता राहिलेले नाही. मूलबाळ नसलेले किंवा मुले परदेशी स्थायिक झालेले निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारीही आपला फ्लॅट किंवा ठेवी एखाद्या वसतिगृहाच्या, रुग्णालयाच्या नावे लिहून ठेवतात.

प्रश्न आहे तो संस्थांचा. पाच हजारांच्या देणगीची पावती तत्परतेने पाठवणारी संस्था ‘राहते घर तुमच्या नावे लिहून ठेवले आहे’ असे सांगणाऱ्याचे काय करते? अनेकदा आभाराचे एक पत्र जाते, कागद फायलीला लागतो आणि पुढचा संबंध येतो तो थेट वकिलाची नोटीस हाती पडल्यावर. ही उदासीनता चुकीची आहे. दात्याने मनातली गोष्ट सांगितली, त्याच दिवशी संस्थेची जबाबदारी सुरू होते.

ब्रिटनमध्ये समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ १८२४ पासून काम करते. तिच्या बोटी दहा वेळा समुद्रात उतरतात, त्यांपैकी सहा वेळचा खर्च मृत्युपत्रांतून आलेल्या पैशातून भागतो, असे संस्था सांगते. कित्येक बोटींना अशा दात्यांचीच नावे आहेत. तिथल्या मोठ्या संस्था या दात्यांशी बोलायला, त्यांना काम दाखवायला स्वतंत्र माणसे नेमतात. तिथे करसवलतही आहे: वारसा कर ४० टक्के असला तरी संस्थेला दिलेल्या रकमेवर तो लागत नाही. आपल्याकडची इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच रद्द झाली. म्हणजे इथला दाता असा कर वाचवायला नव्हे, निव्वळ विश्वासापोटी लिहितो. तो विश्वास जपण्याचे ओझे आपल्या संस्थांवर म्हणूनच अधिक आहे. शिवाय मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते आणि शेवटचे तेच खरे धरले जाते.

संपर्क ठेवायचा म्हणजे मागे लागायचे नाही. वर्षातून एकदा बोलावून काम दाखवावे, हिशेब समोर ठेवावा, आजारपणात विचारपूस करावी. नाव गुप्त ठेवायचे असेल तर ते कसोशीने ठेवावे. मृत्युपत्राचा मसुदा मात्र संस्थेने करू नये. विश्वस्तांनी साक्षीदार म्हणून सही करू नये. दात्याला स्वतःचा वकील गाठायला सांगावे आणि घरच्यांना कल्पना द्यायलाही सुचवावे. ब्रिटनमध्ये २००४ साली वारलेल्या एका आईने जवळजवळ सगळी मालमत्ता प्राण्या-पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या तीन संस्थांना दिली होती. दुरावलेली मुलगी कोर्टात गेली आणि निकाल सर्वोच्च न्यायालयातून यायला २०१७ उजाडले. अशा भांडणात पैसा जातो आणि संस्थेच्या नावालाही बट्टा लागतो.

काही गोष्टी दाता असतानाच बोलून घ्याव्या लागतात. आनंदवन घरोघरी ठाऊक आहे, पण ते चालवणाऱ्या संस्थेचे नाव ‘महारोगी सेवा समिती, वरोरा’ असे आहे. अशा वेळी मृत्युपत्रात केवळ बोलीतले नाव लिहिले, तर वाद घालणाऱ्याला तेवढी फट पुरते. नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता असा कागद संस्थेनेच दात्याच्या हाती द्यायला हवा. फ्लॅटचेही तसेच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ते घर विकून पैसा कामात घालायचा, की तिथे मुलींचे वसतिगृह करायचे, हे दात्याच्या तोंडून ऐकून ठेवणे त्यामुळे फार मोलाचे ठरते.

यासाठी मोठे कार्यालय लागत नाही. विश्वस्त मंडळाने पुढच्याच बैठकीत एका माणसाकडे हे काम सोपवावे, आजवर ज्यांनी असा मनोदय कळवला त्यांची यादी करावी आणि त्यातल्या सर्वांत वयोवृद्ध दात्याला आधी भेटून यावे.