पगारपत्रकावर जुळणारी लग्ने

मुलीचे लग्न ठरवताना मुलाचा पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, अशी चौकशी करणाऱ्या बापाची आपल्याकडे थट्टा होते. पण तो बाप निदान आपल्याच मुलीची काळजी वाहत असतो. ब्रिटनमध्ये ही चौकशी आता सरकार करते. परदेशी व्यक्तीशी विवाह केलेल्या ब्रिटिश नागरिकाने आपल्या जोडीदारास मायदेशी आणण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला, की त्याच्याकडे सहा महिन्यांची पगारपत्रके आणि बँकेचे उतारे मागितले जातात. पत्रिका जुळो वा न जुळो, पगारपत्रक जुळले पाहिजे. ते जुळले नाही, तर विवाह कायदेशीर राहतो. संसार मात्र करता येत नाही.

पंजाब आणि गुजरातमधील असंख्य घरांशी, आणि महाराष्ट्रातीलही काही घरांशी, या प्रश्नाचा थेट संबंध आहे. परंतु तो केवळ अनिवासी भारतीयांचा प्रश्न समजून सोडून देणे चुकीचे ठरेल. मनुष्याचा एक मूलभूत अधिकार आधी वंशाच्या आणि मग उत्पन्नाच्या चाळणीतून कसा गाळला जातो, याचा तो बोलका नमुना आहे.

या चाळणीचा इतिहास लाजिरवाणा आहे. जानेवारी १९७९ मध्ये विवाहासाठी लंडनला गेलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी करण्यात आली. नियोजित वधूस त्या वेळी आगाऊ प्रवेशपत्र लागत नसे. विवाहित पत्नीस लागत असे. ही स्त्री आधीच विवाहित असावी, असा अधिकाऱ्यांना संशय आला, आणि तो फेडण्यासाठी त्यांनी तिच्या देहालाच पुरावा बनवले. बातमी फुटल्यावर भारतात संतापाची लाट उसळली आणि फेब्रुवारीत ही प्रथा बंद करण्यात आली. पुढे २०११ मध्ये संशोधकांनी जुनी सरकारी कागदपत्रे उजेडात आणली, तेव्हा भारतीय उपखंडातील ब्रिटिश कचेऱ्यांतही किमान ऐंशी स्त्रियांच्या अशा चाचण्या झाल्याचे दिसून आले. हे घडले तेव्हा लंडनमध्ये सत्तेवर मजूर पक्ष होता, हे समाजवाद्यांनी विसरू नये.

त्यानंतर आलेल्या हुजूर पक्षाच्या सरकारने १९८० मध्ये परदेशी पतींच्या प्रवेशाचे नियम आवळले. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे होते. विवाह खरा आहे, एवढे दाखवून भागत नसे. उपखंडात वधू वराच्या घरी जाते. मग हा वर वधूच्या देशात का निघाला, असे विचारून आपल्याच चालीरीतींचा आपल्याविरुद्ध पुरावा केला जाई. मनातला हेतू कागदावर सिद्ध करता येत नाही, आणि नेमका त्याचाच भार ज्याच्याजवळ सत्ता नाही त्याच्यावर टाकलेला होता.

या नियमांविरुद्ध ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या तीन स्त्रिया स्ट्रासबूर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. त्यांपैकी श्रीमती अब्दुलअझीझ यांचे पती दमणमध्ये जन्मलेले पोर्तुगीज नागरिक होते. पुरुष आले की नोकऱ्या मागतात, म्हणून बेकारीच्या काळात पतींना रोखणे योग्य आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायालयाने मे १९८५ मध्ये तो फेटाळला आणि हा स्त्रीपुरुष भेदभाव असल्याचा निर्णय दिला. सरकारने तो निर्णय पाळला, पण कसा? पतींवरील निर्बंध उठवण्याऐवजी तेच निर्बंध पत्नींवरही लादले. समता आली ती हक्क वाढवून नव्हे, तर हक्क कापून. हेतू तपासणारा हा नियम अखेर जून १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने रद्द केला, याचे श्रेय त्या पक्षाला दिलेच पाहिजे.

परंतु पंधरा वर्षांतच हेतूची जागा उत्पन्नाने घेतली. जुलै २०१२ पासून परदेशी जोडीदार आणू इच्छिणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असले पाहिजे, असा नियम आला. एप्रिल २०२४ मध्ये ही मर्यादा एकदम २९,००० पौंडांवर नेण्यात आली. ती टप्प्याटप्प्याने ३८,७०० पौंडांपर्यंत चढवण्याचा हुजूर पक्षाचा मनसुबा होता. जुलै २०२४ मध्ये सत्तांतर झाल्यावर मजूर पक्षाने पुढील वाढ थांबवली आणि प्रश्न सल्लागार समितीकडे सोपवला. २९,००० ची मर्यादा मात्र २०२५ मध्येही तशीच राहिली.

या आकड्याचा अर्थ मजुराच्या हिशेबाने लावून पाहावा. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये प्रौढ कामगाराचे कायदेशीर किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे राबणाऱ्याचे उत्पन्न या दराने सुमारे २५,४०० पौंड होते. म्हणजे मर्यादेपेक्षा ३,६०० पौंडांनी कमी. बर्मिंगहॅममधील एखाद्या वृद्धाश्रमात किमान वेतनावर राबणारी स्त्री आपल्या पतीला आणू इच्छित असेल, तर तिने वर्षभर आठवड्याला सुमारे सेहेचाळीस तास काम केले पाहिजे. लहान मुलामुळे तिला अर्धवेळच काम करता येत असेल, तर तिने आशाच सोडावी. एकच राज्यसंस्था एका कायद्याने सांगते, की इतके वेतन जगण्यास पुरेसे आहे. आणि दुसऱ्या नियमाने सांगते, की इतक्या वेतनात नवरा-बायकोने एकत्र राहता कामा नये. दोहोंपैकी एक विधान खोटे असले पाहिजे.

ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला ही अडचण नाही. नोकरी नसली, तरी ८८,५०० पौंडांची शिल्लक सहा महिने खात्यात ठेवली की नियम पुरा होतो. श्रमाची अट भांडवलाला माफ आहे. शिवाय शुल्क वेगळेच. परदेशातून करावयाच्या अर्जाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झाले, आणि पहिल्या परवान्याच्या काळासाठी आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड. किमान वेतनाच्या कामगाराची ही दहा आठवड्यांहून अधिक काळाची कमाई होते. अडीच-पावणेतीन वर्षांनी मुदतवाढीसाठी पुन्हा पैसे भरावे लागतात.

परदेशी जोडीदाराचा भार करदात्यांवर पडू नये, हे या नियमाचे समर्थन आहे. ते वरवर रास्त वाटते. पण अशा जोडीदारास या काळात बहुतेक सरकारी भत्ते मुळातच मिळत नाहीत. आरोग्यसेवेसाठी तो अधिभार भरतो आणि नोकरी लागल्यावर त्याच सेवेसाठी करही भरतो. त्याला काम करण्याची पूर्ण मुभा असते. तरीही तिथे आल्यावर तो काय मिळवील, हे पहिल्या अर्जाच्या वेळी हिशेबात धरले जात नाही. भार टाळणे हाच उद्देश असता, तर दोघांची मिळून होणारी कमाई पाहिली गेली असती. दुसरे समर्थन बनावट विवाहांचे. असे विवाह होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पगारपत्रकावरून विवाहाचा खरेखोटेपणा कसा कळणार? धनवानाचा खोटा विवाह या चाळणीतून सहज पार पडतो आणि गरिबाचा खरा विवाह अडकतो.

या नियमाची विसंगती किती टोकाला गेली होती, ते सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या खटल्याने दिसते. ब्रिटिश पत्नीसह जर्मनीत काही वर्षे काम करून तो परतला होता. युरोपीय न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवले, की अशा पत्नीला युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळते आणि तिच्याबरोबर पतीलाही. परिणामी २०१२ नंतर लंडनमध्ये राहणारा फ्रेंच कामगार उत्पन्नाच्या अटीविना आपली भारतीय पत्नी आणू शकत होता. शेजारचा ब्रिटिश कामगार मात्र स्वदेशातच तो हक्क गमावून बसला होता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर हा मार्गही बंद झाला.

या सगळ्याची खरी किंमत मुले मोजतात. इंग्लंडच्या बाल-आयुक्तांसाठी २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासाने, आईला किंवा बापाला केवळ संगणकाच्या पडद्यावर भेटणाऱ्या मुलांकडे लक्ष वेधले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली. पण मुलांच्या हिताकडे नियमांत पुरेसे लक्ष दिलेले नाही, असा ठपकाही ठेवला. जी पत्नी आत पोहोचते, तिचेही दुःख संपत नाही. कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळेपर्यंतची पाच वर्षे तिचा परवाना विवाहावर टांगलेला असतो. घरात मारहाण झाली, तर बोलायचे की देश सोडायचा, असा पेच तिच्यापुढे उभा राहतो. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने या प्रश्नावर दीर्घकाळ लढा दिला. अशा पीडितांना तीन महिन्यांपुरते सरकारी साहाय्य देण्याची तरतूद २०१२ मध्ये झाली.

आता दुसरे चित्र पाहावे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवरील दीडशे टक्के जकात पंचाहत्तर टक्क्यांवर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणण्याचे भारताने मान्य केले. कंपन्यांनी तात्पुरते धाडलेल्या नोकरदारांसाठीही त्यात सवलती आहेत. पतिपत्नींच्या प्रवेशाचा नियम मात्र या कराराने बदललेला नाही. माल सीमा ओलांडतो तेव्हा जकात उतरते. विवाहित स्त्री सीमा ओलांडते तेव्हा जकात चढते. कोणाच्या संचारस्वातंत्र्यासाठी सरकारे वाटाघाटीला बसतात, हे यावरून कळते.

तथापि केवळ ब्रिटनकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. भारतीय नागरिकाच्या परदेशी पतीला वा पत्नीला परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळण्यासाठी नोंदणीकृत विवाहास दोन वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ज्याच्या आईबापांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणी पाकिस्तानचे वा बांगलादेशाचे नागरिक होते, त्याला हे दार बंदच आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह करू इच्छिणाऱ्यांची नोटीस तीस दिवस कचेरीच्या भिंतीवर लटकते, ती हरकती मागवण्यासाठीच. तिथे सरकारला पगार दिसतो, इथे वंशावळ दिसते. दोन माणसांनी परस्परांशी केलेला करार पुरेसा आहे, यावर दोन्हीकडच्या सरकारांचा विश्वास नाही.

विवाह खरा आहे की नाही, एवढे तपासण्याचा अधिकार कोणत्याही राज्यसंस्थेला असू शकतो. त्यापुढे जाऊन तो परवडतो की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. ब्रिटनमधील मजूर चळवळीशी आणि तेथील भारतीय कामगारांच्या संघटनांशी ज्यांचे संबंध आहेत, त्या कार्यकर्त्यांनी ही मागणी तेथे लावून धरावी: उत्पन्नाची अट रद्द करा, ते होईपर्यंत निदान पूर्णवेळ किमान वेतनापेक्षा ती वर जाता कामा नये आणि दोघांची कमाई मिळून धरली पाहिजे. आणि येथील कार्यकर्त्यांनी आपल्या नोंदणी कचेरीच्या भिंतीवरची ती नोटीस उतरवण्यासाठीही तितक्याच निष्ठेने झगडावे. दोन्ही लढे एकाच अधिकारासाठी आहेत.