विहिरीभोवतीची जाळी

दोस्तांनो, आमच्या वारूळवाडीच्या मळ्यांत विहिरी भरपूर. पण काहींना कठडाच नाही. जुन्नर तालुका म्हणजे बिबट्यांचा मुलूख. रात्री भक्ष्यामागे धावता धावता एखादा बिबट्या थेट विहिरीत पडतो. मग वनखात्याची माणसं पिंजरा सोडून त्याला वर काढतात. बिबट्या पोहत तग तरी धरतो. एखादं पोर पडलं तर?

म्हणून शेजारच्या आजोबांनी विहिरीला तारेची जाळी लावायचं ठरवलं. "गुरुजी, जाळी किती आणू?" त्यांनी विचारलं. आम्ही मोठ्या माणसांनी विहिरीवर आडवा दोर धरला आणि सरकवत सरकवत तो सर्वांत लांब कुठे भरतो ते पाहिलं. (हे काम तुम्ही करायचं नाही, बरं का!) भरला 8 मीटर. हा व्यास. त्याच्या निम्मी त्रिज्या, 4 मीटर. आता परीघ म्हणजे 2 × पाय × त्रिज्या, आणि पायची किंमत सुमारे 3.14.

2 × 3.14 × 4 = 25.12

मी ऐटीत सांगितलं, "सव्वीस मीटर आणा."

जाळी आली आणि कमी पडली! अहो, खांब अगदी काठावर कोण रोवतं? माती ढासळेल की! ते रोवले होते काठापासून 1 मीटर मागे. म्हणजे त्रिज्या 4 नव्हे, 5. परीघ 31.40 मीटर. पाच मीटरहून मोठं भगदाड राहिलं. बिबट्याच काय, बैलजोडी आत गेली असती! त्या रात्रीपुरत्या तिथे बाभळीच्या फांद्या टाकल्या. गुरुजींची फजिती वर्गात कळायला वेळ लागला नाही, हे सांगायला नकोच.

पण बघा, त्रिज्या 1 मीटरने वाढली तेव्हा परीघ 6.28 मीटरने वाढला. आता जवळच्या खोडदला चला. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्रिज्या 22.5, म्हणून परीघ 141.30 मीटर. काठाबाहेर 1 मीटरवर दोर फिरवला तर त्रिज्या 23.5, दोर 147.58 मीटर. वाढ किती? पुन्हा 6.28! एवढी मोठी तबकडी, तरी वाढ विहिरीइतकीच. कारण वाढलेल्या 1 मीटरलाच आपण 2 × 3.14 ने गुणतो. आधीची त्रिज्या त्यात येतच नाही.

आता तुमची पाळी. विषुववृत्तावर पृथ्वीला घट्ट दोर गुंडाळलाय असं समजा. तो सगळीकडे जमिनीपासून 1 मीटर वर उचलायचा, तर किती दोर जोडावा लागेल? पृथ्वीची त्रिज्या शोधायला पुस्तकं उघडू नका हं!