पंख्यावरचे कैलासवासी

मार्च लागला की आमच्या मेहुण्याचे फोन वाढतात. हा जिल्हा परिषदेच्या दुशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक. भजीवाल्याकडेही पक्की पावती मागणारा. परवा म्हणाला, "दाजी, अनुदान आलं एकदाचं. एकतीस तारखेच्या आत संपवा म्हणतात, नाहीतर परत." वर्षभर खडू-झाडू याच्याच खिशातून चाललेले.

हिशेब असा. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. तीस पोरांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००. केंद्राचे ६०, राज्याचे ४० टक्के. कशावर खर्चायचं ते शाळा व्यवस्थापन समितीनं बघायचं, आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया. कागदावर सत्ता पार गावाच्या पारावर येऊन बसलीय.

आता झाडू घेऊन दाखवा! पैसा वरच्या एकाच खात्यात. शाळेच्या खात्यात कायम शून्य, तिला फक्त मर्यादा कळवतात. दुकानदाराची आधी पीएफएमएस या सरकारी साइटवर नोंदणी, मग मंजुरी, मग पेमेंट. गावचा दुकानदार हात जोडून म्हणाला, "गुरुजी, झाडू फुकट न्या, पण माझा खातेनंबर सरकारला कळवू नका."

शाळेच्या पैशाची रड तशी जुनी. इंग्रज शेतसाऱ्यावर रुपयामागे आणा लोकल फंड घेई, त्यातला तिसरा हिस्सा शाळांचा. शेतकऱ्याचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर उधळतात, ही जोतीराव फुल्यांची तक्रार १८८२ साली शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे गेली. तेव्हा निदान पैसा कुठे जातो ते कळत तरी होतं. आमचा मेहुणा फक्त साइट कधी उघडते ते विचारतो.

मग उरते लोकवर्गणी. तिच्यातून शाळेला पंखे मिळाले. एका पात्यावर 'कै. आबांच्या स्मरणार्थ', दुसऱ्यावर सुपुत्राचं नाव, तिसऱ्यावर गाव आणि तालुका. बिल थकल्यानं वीज तोडलेली, त्यामुळे आबा दिवसभर स्वच्छ वाचता येतात. केंद्रप्रमुख वाचन घ्यायला आले तेव्हा पहिलीतल्या पोरानं 'स्मरणार्थ' रफारासकट न अडखळता वाचलं. साहेबांनी शेरा लिहिला: वाचनाची प्रगती उत्तम.

पुढे मेहुण्यानं पदरमोड करून बिल भरलं, पंखे फिरले, आणि चौथ्या दिवशी सुपुत्र दारात. "गुरुजी, पंखा चालू असला की आमचे आबा दिसत नाहीत." समितीची बैठक बसली. भिंतीवर पाटी लावायची तर तिचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर तासभर गेला. अध्यक्षबाईंना शेतात खुरपणी होती. त्यांनी निकाल देऊन टाकला. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि आबांची पुण्यतिथी, या तीन दिवशी पंखे बंद. ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक सुपुत्र, अनुमोदक दुकानदार.