रणांगणाचा भाव

अमेरिकेचं सरकार जुन्या रणांगणांची जमीन वाचवायला पैसा देतं. अट अशी, जेवढा सरकारचा तेवढाच तुमचा. सरकारचा पैसा समुद्रातल्या तेलाच्या भाड्यातून येतो. (मॅट्रिक आहे, एवढं वाचता येतं.) मी गोदीत गोणी उचलतो. समुद्राचा पैसा कुणाच्या घरात जातो ते मला नका शिकवू.

व्हर्जिनियातलं न्यू मार्केट हाइट्स. २९ सप्टेंबर १८६४ ला गुलामी राखणाऱ्या फौजेवर काळ्या पलटणी तुटून पडल्या. १४ काळ्या शिपायांना देशाचं सर्वांत मोठं शौर्यपदक मिळालं. आता सांगा, ज्यांच्या आज्याला स्वतःचं अंगसुद्धा स्वतःचं नव्हतं, त्यांनी निम्मा पैसा आणायचा कुठून? मळेवाल्यांच्या नातवांना ही अट जड जात नाही.

योजना वाईट नाही. अट हरामी आहे.

आमच्या कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या ४९ मेलेल्यांची नावं आहेत, त्यातली २२ 'नाक' लागलेली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. १ जानेवारी २०१८ ला तिथं जाणाऱ्यांवर दगड पडले. असली योजना इथं आली तर पहिला अर्ज आम्ही करू. आणि आमच्या वाट्याच्या रकान्यात ती २२ नावं लिहू.