उजाडलं का रे?

आमचे नाना पंचाऐंशी वर्षांचे आहेत. पूर्वी रोज पहाटे ते गॅलरीत आरामखुर्ची टाकून पूर्वेकडे तोंड करून बसत आणि सूर्य वर आल्यावरच चहाला हात लावीत. काचबिंदूने दृष्टी नेली. खुर्ची मात्र सुटली नाही. आता ते तीन-तीनदा विचारतात, "उजाडलं का रे?" आणि मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "हो" म्हणून मोकळा होतो!

परवा संध्याकाळी आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर एक विलायती वाद्यवृंद लावला. नाव ‘हेलिऑस’, म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. रचणारा कार्ल नील्सेन हा डेन्मार्कचा. त्याची पत्नी शिल्पकार. १९०३ साली ती प्राचीन शिल्पांच्या अभ्यासासाठी अथेन्सला गेली होती, तेव्हा हा गृहस्थही तिथे राहिला. तिथल्या संगीतशाळेत त्याला बसायला एक खोली मिळाली. बाहेर डोंगर, समुद्र आणि ग्रीसचे ते लख्ख ऊन! एप्रिलात कृती पुरी झाली, ऑक्टोबरात कोपनहेगनला वाजली.

"उजेडाला कुठला आलाय आवाज?" मी मनाशी म्हटले. आणि खरोखरच काही ऐकू येईना! खर्जातला एकच स्वर, तोही जेमतेम. मी दोनदा मोबाइलचा आवाज वाढवला. मग हॉर्न नावाची पितळी वाद्ये दुरून एकामागून एक साद घालू लागली.

नाना खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, "तांबडं फुटलं."

"नाना, अहो हे संगीत आहे."

"म्हणूनच म्हणतो. सूर्य अजून वर यायचाय."

आणि वाचकहो, तो आला! व्हायोलिने चढत गेली, वाद्यांत वाद्ये मिसळली आणि तुताऱ्या वाजल्या तेव्हा भर दुपार झाली. नील्सेनची युक्ती आता माझ्या ध्यानात आली. त्याने आधी अंधार वाजवला होता, आणि आम्हाला त्यात वाट पाहत बसवले होते. उजेडाला आवाज नसेल. पण त्याच्या येण्याला चाल असते. ती मला, डोळे असणाऱ्याला, ठाऊक नव्हती. नानांना पाठ होती.

बारा-एक मिनिटांत सूर्य कलला. पुन्हा तो खर्ज, मग शांतता. नाना हळूच म्हणाले, "बुडाला. पुष्कळ दिवसांनी पाहिला."

दुसऱ्या दिवशी पहाटे गॅलरीतून नेहमीचा प्रश्न आला, "उजाडलं का रे?"

मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि त्यांच्याजवळ स्टूल ओढले. "अजून नाही, नाना. समोरच्या पाण्याच्या टाकीमागे नुसती एक तांबूस रेघ आलीय. आता ती रुंद होतेय..."

त्या दिवशी चहा दोघांचाही गार झाला.